आठवड्याचे बेचाळीस युरो

*ताई, मी पंचेचाळीस वर्षांचा. मूळचा नाशिकचा. सप्टेंबर २०१९ मध्ये नोकरी मिळून डब्लिनला आलो, बरोबर बायको आणि दोन वर्षांची मुलगी. पगार वर्षाला ५२,००० युरो. बायको पहिली चार वर्षं घरी होती, २०२३ पासून केअर होममध्ये कामाला जाते. दर ऑक्टोबरात पीआरएसआय, म्हणजे पगारातून कापला जाणारा सामाजिक विम्याचा हप्ता, वाढतोय. आमच्या कंपनीत पेन्शन योजना नाही, म्हणून जानेवारीपासून त्या 'माय फ्युचर फंड' नावाच्या नव्या सरकारी पेन्शन-बचत योजनेचेही पैसे कापायला लागले. ऑफिसातली मुलं म्हणतात, आपण फक्त आजच्या म्हाताऱ्यांना पोसतोय, आपल्या वेळेला तिजोरी रिकामी असेल. वर असंही कळलं की आयुष्यात एक सेंट न भरलेल्या माणसालासुद्धा जवळजवळ तेवढीच पेन्शन मिळते. मग मी का भरायचं? वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. त्यांचं पेन्शन एक तारखेला जमा होतं आणि एक तारखेलाच त्यांचा फोन येतो, 'परत ये.' दोन वर्षांत परतावं असं मनात आहे. फंडातून बाहेर पडू का? आणि हे सगळं न्यायाचं आहे का?*

*— एक पगारदार, डब्लिन १५*

नमस्कार पगारदार,

गेली वीसेक वर्षं माझं पोट दुसऱ्यांच्या पगारपत्रकांवर भरतंय. त्यामुळे न्याय-अन्यायाकडे जाण्याआधी तुमचं पगारपत्रक समोर ठेवते.

५२,००० वर ४.२ टक्के पीआरएसआय म्हणजे वर्षाला २,१८४ युरो. आठवड्याला बरोब्बर बेचाळीस. या ऑक्टोबरात दर ४.३५ होईल, पुढच्या वर्षी ४.५ आणि २०२८ ला ४.७. तेव्हा आजच्याच पगारावर आठवड्याला सत्तेचाळीस जातील. म्हणजे पाच युरोंची वाढ, एक कॉफी आणि वर थोडी चिल्लर. राग येण्यासारखं आहे, देश सोडण्यासारखं नाही. पगारपत्रकाच्या कोपऱ्यात आणखी एक आकडा असतो, तो कुणी वाचत नाही. तुमच्यासाठी कंपनी वरून ११.२५ टक्के भरते, म्हणजे आठवड्याला आणखी साडेएकशेबारा. तुमच्या एका आठवड्याच्या कामावर सरकारकडे दीडशेहून जास्त युरो जमा होतात.

मात्र ते 'तुमच्या नावावर' साठत नाहीत. ऑफिसातल्या मुलांचं एवढं बरोबर आहे. तुमच्या नावाचं खातं नाही, व्याज नाही, शिल्लक नाही. नोंद होते ती फक्त आठवड्याची: या माणसाने अमुक आठवडा भरला. पैसे त्याच सुमाराला दुसऱ्या कुणाला तरी पेन्शन, आजारपणाचा भत्ता, बाळंतपणाचा भत्ता म्हणून वाटले जातात. आपल्याकडच्या बायका भिशी चालवतात ना, तसंच. आज मी टाकते, उचल तुमची. उद्या तुम्ही टाकाल, उचल माझी. फरक एवढाच की घरगुती भिशीत बाराच्या बारा जणी शेवटपर्यंत असतात, आणि या भिशीत नवे सभासद येत राहावे लागतात. आज इथे पासष्टीपुढच्या एका माणसामागे कामाच्या वयाची साधारण चार माणसं आहेत. २०५० पर्यंत ती दोनाच्या थोडी वर उरतील, असा अंदाज पेन्शन कमिशनने २०२१ च्या अहवालात धरला होता. तुम्ही ६६ चे व्हाल २०४७ ला, म्हणजे ऐन तेव्हाच.

म्हणून 'तिजोरी रिकामी होणार' हे वाक्य मला चुकीचं वाटतं. रिकामी व्हायला मुळात भरलेली तिजोरी असावी लागते. २०४७ ला तुमचं पेन्शन तेव्हा कामावर असलेल्यांच्या पगारातून येणार. प्रश्न असतील ते तीन: ती माणसं किती असतील, किती टक्के द्यायला तयार होतील, आणि तुम्हाला ते कितव्या वर्षापासून मिळेल. यांची उत्तरं राजकारणात ठरतात. आणि या देशात म्हाताऱ्यांच्या पैशाला हात लावलेलं राजकारण फार वाईट पडतं, हा शंभर वर्षांचा अनुभव आहे.

थोडं मागे जाऊ या का? मला हा भाग आवडतो.

१ जानेवारी १९०९ ला, म्हणजे ब्रिटिश अमलात, इथे पहिलं सरकारी पेन्शन सुरू झालं. सत्तरी ओलांडलेल्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंग. अडचण अशी की आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासूनची. सत्तर वर्षांच्या माणसाने वयाचा दाखला आणायचा कुठून? मग साहेब विचारायचे, तुम्हाला 'मोठं वारं' आठवतं का? ६ जानेवारी १८३९ च्या रात्री असं वादळ झालं होतं की घरांची छपरं उडाली, गावंच्या गावं उघडी पडली. ते ज्याला आठवतं तो सत्तरचा, हा हिशेब. आणि हो, ते आठवणाऱ्यांची संख्या सरकारच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली! माझी आजी तिचं वय 'प्लेगच्या साली' पासून मोजायची. पुण्यातली एक अख्खी पिढी अजून 'पानशेत फुटलं तेव्हा मी चौथीत' असं सांगते. त्यामुळे मला त्या आयरिश म्हाताऱ्यांची लबाडी लबाडी वाटतच नाही.

पुढे देश स्वतंत्र झाला, तिजोरीत खडखडाट होता, आणि १९२४ मध्ये अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद यांनी दहा शिलिंगांच्या पेन्शनमधला एक शिलिंग कापला. एकच शिलिंग. आज शंभर वर्षांनी त्यांच्या बाकीच्या कामाबद्दल लोकांना फारसं सांगता येत नाही, तो शिलिंग मात्र लक्षात आहे. २००८ च्या ऑक्टोबरात, मंदी दाराशी असताना, सत्तरीपुढच्या सगळ्यांना आपोआप मिळणारं मोफत उपचारांचं मेडिकल कार्ड काढून घ्यायचं ठरलं. म्हातारी माणसं डब्लिनच्या 'वेस्टलँड रो' या रस्त्यावरच्या चर्चमध्ये जमली, मंत्र्याला बोलू दिलं नाही, मग हजारोंनी संसदेपुढे गेली, आणि सरकारने आठवडाभरात बरीचशी माघार घेतली. मी ते टीव्हीवर पाहत होते. काठ्या टेकत, ओव्हरकोट घालून आलेली ती माणसं पाहून वाटलं होतं, यांच्या नादाला कोण लागणार!

आणि नादाला कुणी लागलं नाहीच. पुढच्या सात वर्षांत नोकरदारांवर नवे कर आले, सरकारी पगार कापले गेले, कोवळ्या बेरोजगारांचा भत्ता आठवड्याला १०० युरोंवर आणला गेला. पेन्शन २००९ ला २३०.३० युरो होतं, ते २०१५ संपेपर्यंत २३०.३० च राहिलं. नाताळचा बोनस गेला, वरच्या सवलती गेल्या, पण मूळ रकमेला कात्री लागली नाही. तुमच्या ऑफिसातल्या मुलांचा राग इथून येतो, आणि तो निराधार नाही. त्या वर्षांत विशीतल्या मुलांनी सिडनी नाहीतर टोरंटोचं तिकीट काढलं, त्यांच्या आजीचं पेन्शन शाबूत राहिलं. मला दोन्ही बाजू दिसतात. त्या आजीकडे २३० युरोंशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि ती सिडनीला जाऊ शकत नव्हती.

भविष्यासाठी वेगळं साठवायचा प्रयत्नही झाला होता, तो ऐका. २००१ मध्ये अर्थमंत्री चार्ली मॅक्रीव्ही यांनी 'नॅशनल पेन्शन्स रिझर्व्ह फंड' काढला. दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का बाजूला टाकायचा आणि २०२५ पर्यंत झाकण उघडायचं नाही. कायद्यात लिहिलं होतं. मग बँका बुडाल्या. वीस अब्जांहून जास्त युरो त्या फंडातून दोन मोठ्या बँकांमध्ये ओतले गेले. उरलेल्याचं २०१४ मध्ये दुसऱ्याच नावाचा गुंतवणूक फंड झाला. मुलीच्या लग्नाचे दागिने भावाच्या कर्जापायी गहाण पडावेत, तसं. आता २०२४ पासून 'फ्युचर आयर्लंड फंड' आहे. २०३५ पर्यंत दरवर्षी जीडीपीच्या ०.८ टक्के त्यात जाणार, शंभर अब्जांपर्यंत नेऊ म्हणतात. पैसा कुठला? मुख्यतः कंपनी कराचा. त्या कराचा निम्म्याहून जास्त भाग दहा कंपन्या भरतात, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकन. म्हणजे आपल्या म्हातारपणाची एक तंगडी कॅलिफोर्नियात आहे. फंड चांगलाच आहे, असायलाच हवा. पण झाकणावर तारीख लिहिल्याने डबा सुरक्षित राहत नाही, हे एकदा पाहिलंय.

आता वयाचा मुद्दा, कारण मला विचाराल तर तुमच्यावर खरा अन्याय इथे झालाय. २०११ च्या कायद्याने पेन्शनचं वय २०२१ ला ६७ आणि २०२८ ला ६८ होणार होतं. फेब्रुवारी २०२० ची निवडणूक आली. दारोदार फिरणाऱ्या उमेदवारांना लोक विचारायला लागले, पासष्टला कंपनी घरी बसवते, पेन्शन सदुसष्टला, मधली दोन वर्षं काय बेकारांच्या रांगेत उभं राहायचं? प्रश्न रास्तच होता. वीट-सिमेंट उचलून ज्याची पाठ गेली त्याला आणखी दोन वर्षं काम कर म्हणणं सोपं नाही. वाढ थांबली. कमिशन बसलं. कमिशनने सांगितलं, हळूहळू वाढवा, २०३१ ला ६७ आणि २०३९ ला ६८. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने ठरवलं, वय ६६ च राहील, त्याऐवजी पीआरएसआय थोडा थोडा वाढवू. हेच ते तुमच्या दर ऑक्टोबरचं कारण. ज्याला हवं त्याने सत्तरीपर्यंत थांबावं, त्याला दर आठवड्याला जास्त मिळेल, ही सोय २०२४ पासून आली.

शेजारी काय करतायत तेही पाहा. जर्मनी २०३१ ला ६७ वर जातोय, ब्रिटन २०२८ पर्यंत, डेन्मार्कने तर २०४० ला ७० असा कायदा केला. आयर्लंड ६६ वर ठाम आहे. आज पासष्टीत असलेल्याची सोय झाली, बिल तुमच्या आणि तुमच्या मुलीच्या टेबलावर आलं. पीआरएसआय ४ वरून ४.७ वर नेला, तरी त्या ०.७ टक्क्यांत हे भागेल असं मला वाटत नाही. आणखी वाढेल. त्यामुळे तुमच्या हिशेबात ६६ धरू नका, ६८ धरा. नंतर ६६ ला मिळालं तर देवाचे आभार.

बरं, 'न्याय' म्हणून तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर आकड्यांत देण्याआधी मला आमच्या शेजारच्या आजींबद्दल सांगू द्या. इथली पेन्शन शुक्रवारी होते. बँकेत घेता येते, पण आजी पोस्टातच जातात. दर शुक्रवारी सकाळी टोपी घालून, ट्रॉली ओढत. खिडकीशी नोटा दोनदा मोजतात, विजेच्या बिलाचे वेगळ्या पाकिटात घालतात, उरलेले पर्समध्ये. मग बाहेरच्या बाकावर मैत्रिणींबरोबर अर्धा तास.

त्या १९६४ मध्ये, सोळाव्या वर्षी, कपड्यांच्या कारखान्यात लागल्या. १९७१ ला लग्न ठरलं आणि नोकरी सुटली. सुटली म्हणजे सोडावी लागली. लग्न झालेल्या बाईने कामावर यायचं नाही अशी तेव्हाची रीत. सरकारी नोकरीत तर तसा लेखी नियमच होता, तो १९७३ ला उठला. तीन मुलं वाढवली. १९९६ मध्ये शाळेच्या स्वयंपाकघरात पुन्हा कामाला लागल्या, २०१४ ला ६६ पूर्ण होईपर्यंत केलं. एकूण साधारण १,२६० आठवड्यांचं भरलेलं. तेव्हाच्या नियमाने काय केलं? पहिल्या नोकरीपासून ६६ पर्यंतची सगळी वर्षं मोजली आणि त्यांनी आठवड्यांना भागलं. सरासरी आली वर्षाला पंचवीसेक. त्यावर पेन्शन बसली ८५ टक्के. २०१२ च्या सप्टेंबरपूर्वी त्याच सरासरीला ९८ टक्के मिळत होते. मंदीत हे टक्क्यांचे टप्पे बदलले, आणि ते बदललेत हे त्यांना पहिल्या शुक्रवारी खिडकीशी कळलं.

त्याच पोस्टात, त्याच रांगेत, असाही एक गृहस्थ असू शकतो जो चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा या देशात आला आणि बारा वर्षं न चुकता भरून मोकळा झाला. त्याची सरासरी वर्षाला ५२. त्याला पेन्शन पूर्ण. आजींनी त्याच्या दुप्पट आठवडे भरले होते. त्यांचा गुन्हा एवढाच की त्या सोळाव्या वर्षी कामाला लागल्या आणि मध्ये मुलं झाली.

ओरड झाली, आणि २०१८ मध्ये सरकारने दुसरी पद्धत आणली: एकूण किती आठवडे भरले ते मोजा. चाळीस वर्षं, म्हणजे २,०८० आठवडे झाले की पूर्ण पेन्शन. बारा वर्षांखालचं मूल किंवा आजारी माणूस सांभाळण्यात गेलेली वर्षं, कमाल वीस, त्यात धरा. आजींची मुलांमागची एकोणीस वर्षं धरली गेली आणि आकडा २,०८० च्या पार गेला. मार्च २०१८ पासूनचा फरक मिळाला. ते पत्र त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलंय, नातवंडांच्या फोटोंबरोबर.

आता मेख अशी, की जी जुनी पद्धत आजींना नडली ती तुम्हाला-मला फळली असती. तुम्ही अडतिसाव्या वर्षी आलात. २०४७ पर्यंत अखंड भरलंत तर तुमची सरासरी वर्षाला ५२, म्हणजे पूर्ण पेन्शन! पण २०२५ पासून ती पद्धत दरवर्षी दहा-दहा टक्क्यांनी मागे घेतली जातेय, २०३४ ला ती संपेल. तुम्हाला नवा नियम पूर्ण लागणार. अठ्ठावीस वर्षं म्हणजे १,४५६ आठवडे, भागिले २,०८०, म्हणजे ७० टक्के. आजचा पूर्ण दर आठवड्याला २९९.३०. तुमचे झाले सुमारे २०९.

तुमचे नव्वद युरो या नियमाने गेले, माझेही काही गेले. तरी मला विचाराल तर हा नियम बरोबर आहे. जेवढं टाकलं त्या प्रमाणात घ्यायचं, आणि घरात राबलेली वर्षं फुकट समजायची नाहीत. याहून सरळ मला काही सुचत नाही.

तुमच्या बायकोचं गणित मांडलं तेव्हा मीच हसले. त्या बेचाळीसच्या असतील असं धरते. २०२३ ते २०५० अशी सत्तावीस वर्षं नोकरीची, अधिक मुलगी लहान असताना घरी काढलेली चार वर्षं, म्हणजे एकतीस. साडेसत्त्याहत्तर टक्के. तुमच्यापेक्षा जास्त. 'घरी होती' हे जे तुम्ही दोन शब्दांत उरकलंत, त्याची इथे किंमत लावली जाते. आज रात्री जेवताना सांगा त्यांना.

एक सेंट न भरणाऱ्याबद्दल. न भरलेल्यालाही पेन्शन आहे, कमाल २८८ युरो. पूर्ण पेन्शनपेक्षा फक्त ११.३० ने कमी, आणि तुमच्या २०९ पेक्षा तर जास्तच. हे टोचतं, कबूल. पण ती पेन्शन हक्काची नाही, गरजेची आहे. संजय गांधी निराधारचा अर्ज भरताना तलाठी काय काय विचारतो ते आठवा. इथे तशीच झडती होते, फक्त फॉर्म जाड असतो. बँकेतली शिल्लक, दुसरं उत्पन्न, राहत्या घराखेरीजची मालमत्ता, सगळं बघतात. परदेशातलीसुद्धा, म्हणजे नाशिकचा फ्लॅटही. आणि ती पेन्शन देशाबाहेर नेता येत नाही. तुमची २०९ ची नेता येते, नाशिकला, कुठेही, आणि त्यासाठी कुणी तुमचं पासबुक उघडून बघत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला ६६ व्या वर्षी किमान खायला मिळावं, यात मला अन्याय दिसत नाही.

अन्याय शोधायचाच असेल तर दुसरीकडे शोधा. तुमच्या शंभर युरोंमागे तुम्ही आणि कंपनी मिळून १५.४५ भरता. स्वतःचा धंदा असलेला माणूस ४.२ भरतो, कारण त्याच्या वरचा मालकाचा हिस्सा कुणीच भरत नाही. स्टेट पेन्शन मात्र दोघांना सारखीच. कमिशनने त्यांचा दर पायरीपायरीने दहावर न्या म्हणून सांगितलं होतं. ते पान कुणी उलटलेलं दिसत नाही. (माझा नवरा स्वतःचा धंदा करतो, म्हणून हे घरात मोठ्याने बोलत नाही.)

आणि आपली खास तक्रार आहे ती वेगळीच. तुमच्या ऑफिसातल्या पोलिश मुलाची त्याच्या देशातली वर्षं युरोपच्या नियमांनी जोडून धरली जातात. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, जपान यांच्याशी आयर्लंडचे करार आहेत. भारताचे जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स यांच्याशी आहेत. भारत आणि आयर्लंड यांच्यात नाही. इथे हजारो भारतीय नर्सेस आणि आयटीवाले दर आठवड्याला भिशी भरतायत, आणि त्यांची दोन देशांतली दोन आयुष्यं एकमेकांना ओळखत नाहीत. मंडळाच्या गणपतीत दूतावासाचे पाहुणे आले की फोटो काढून झाल्यावर हा विषय काढा, एवढी माझी विनंती.

त्या करारानेच आपण तुमच्या 'दोन वर्षांत परतायच्या' बेताशी येतो. थांबा. इथल्या पेन्शनला किमान ५२० आठवडे प्रत्यक्ष भरलेले लागतात, दहा वर्षं. तुम्ही सप्टेंबर २०१९ ला सुरू केलंत, खंड नसेल तर ५२० भरतात सप्टेंबर २०२९ ला. २०२८ ला गेलात तर नऊ वर्षांचं तुमचं आणि कंपनीचं मिळून जे काही भरलंय त्यावर पेन्शन शून्य. परतावा नाही, भारतातली वर्षं जोडता येत नाहीत. एक वर्ष जास्त राहिलात तर ५२० भागिले २,०८०, म्हणजे पाव पेन्शन. आजच्या दराने आठवड्याला पाऊणशे युरो, नाशिकच्या खात्यात, ६६ पासून मरेपर्यंत. आजच्या भावाने महिन्याला तीस हजार रुपयांच्या आसपास. एका वर्षाच्या थांबण्याला याहून चांगला मोबदला मला माहीत नाही. पूर्ण राहिलात तर उलट बाजूही आहे: ६६ ला न घेता सत्तरीपर्यंत भरत राहिलात तर वर्षंही वाढतात आणि दरही.

फंडातून बाहेर पडू नका. तुमचे १.५ टक्के, वर्षाला ७८० युरो. कंपनी तेवढेच टाकते, सरकार २६० टाकतं. ७८० चे १,८२० दिसतात, तेही गुंतवणूक वाढण्याआधी. आणि हे खातं खरोखर तुमच्या नावाचं आहे, भिशी नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर पडायची खिडकी उघडेल. पडलात तर तुमचे तुम्हाला परत मिळतील, कंपनीचे आणि सरकारचे आतच राहतील, पुढची भर मात्र थांबेल. तुमच्या पगाराचा काही भाग चाळीस टक्क्यांच्या करात जात असेल, तर स्वतःच्या खासगी पेन्शनवर करसवलत जास्त मिळते, हे खरं. पण तिथे कंपनी एक युरो घालायला बांधील नाही. मालकाला विचारून बघा, 'घालता का?' हो म्हणाले तर मला पुन्हा लिहा.

वडिलांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यांचं पेन्शनही आजच्या करदात्यांच्याच पैशातून येतं, आणि त्यांच्याच शाळेत नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या गुरुजींना ते तसं मिळत नाही. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत कर्मचारी संपावर गेले होते ते त्यासाठीच. म्हणजे परत गेलात तरी वडिलांच्या पेन्शनकडे परत जाणार नाही आहात. इकडे येण्याआधीची तुमची पीएफची कागदपत्रं मात्र शोधून ठेवा. तिथल्या पेन्शनलाही दहा वर्षांची अट आहे, आणि तुमची बहुधा झालेली असतील.

या शनिवारी एवढं करा: सरकारच्या 'मायवेल्फेअर' संकेतस्थळावर लॉग इन करून दोघांचीही पीआरएसआय नोंद मागवा. २०१९ पासून प्रत्येक वर्षापुढे किती आठवडे लागलेत ते बघा. पहिल्या वर्षी पंधराएक, मग सरळ ५२, ५२, ५२ दिसायला हवेत. कुठे ४७ किंवा ३९ दिसले तर त्या वर्षाची पगारपत्रकं काढा आणि समाजकल्याण खात्याला लिहा. ५२० चा दिवस कॅलेंडरवर त्यानंतरच मांडा, आणि एकेरी तिकीट त्या दिवसानंतरचं काढा.

तुमची,
ताई